गंगेत सोडलेला हत्ती

ढुंढिराज गर्गे या माणसाला राग यायला मोठं कारण लागत नसे. एखादा दगड पुरे व्हायचा. आणि नाशिकच्या आसपास दगडांना काय तोटा आहे, सांगा.

गर्गे सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. पोरं पाठीमागे त्यांना ‘लाव्हा’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचाही त्यांना राग होता, कारण त्याच पोरांना परीक्षेत लाव्हा म्हणजे काय ते धड लिहिता यायचं नाही. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराला डायनोसॉरच्या सिनेमाची लाट आली आणि सरांच्या डोक्याला खरा ताप सुरू झाला. ज्याला त्याला जीवाश्म सापडायला लागले. कुणाला विहीर खणताना, कुणाला पाया घेताना, कुणाला पांडवलेण्याला फिरायला गेल्यावर. सुटीच्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली की सर आतूनच ओरडायचे, "अंडं असेल तर परत न्या."

बहुतेक वेळा अंडंच असायचं. एकदा त्र्यंबक रस्त्याला प्लॉट पाडणारे एक गृहस्थ रेशमी रुमालात काळा गोल गोटा गुंडाळून घेऊन आले. वर कुंकू लावलेलं. म्हणाले, "सर, मिसेस म्हणते देव्हाऱ्यात ठेवू. तुम्ही फक्त कुठल्या डायनोसॉरचं ते सांगा." सरांनी हातोडी घेतली आणि गृहस्थांच्या डोळ्यांदेखत टोला हाणला. गोट्याचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत गेले. आत बलक नाही की पिल्लू नाही, नुसता दगडात दगड.

"हे अंडं असेल तर मी कोंबडा," सर म्हणाले. "अहो, हा आपल्याकडचा सगळा डोंगर आगीचा रस थिजून झालाय. त्या आगीत कोण अंडी घालत बसणार? काळा पाषाण उन्हापावसानं असाच सोलला जातो, त्याचा गोटा होतो. शाळेत काय करत होता तुम्ही?"

गृहस्थांनी चुरा मुकाट्यानं रुमालात भरला आणि गावभर सांगत सुटले की गर्गे सरांनी देवाचं अंडं फोडलं.

दुसरं कुणी दगडावर उमटलेली नेच्याची पानं आणायचं. सर विचारायचे, पानाला मधली शीर असते, ही कुठाय ती दाखवा. शीर नसायचीच. भेगेतून झिरपलेल्या पाण्यानं काढलेली ती काळी रांगोळी. तिसऱ्याला चुनखडीच्या लांबट खड्यांत राक्षसाची बोटं दिसायची. ती बोटं सर खिडकीतून बाहेर भिरकावायचे आणि वर त्या माणसाचा पाणउतारा करायचे. लोक म्हणत, काय हा खडूस माणूस, गोड बोलून दगड आहे म्हणाला असता तर काय याचं तोंड दुखलं असतं?

पण सरांचं दुखणं निराळं होतं. नाशिकला जीवाश्म नाहीतच असं नव्हतं. ते होते, फक्त काळ्या पाषाणात नव्हते. ते होते गंगेच्या काठच्या मातीत. गोदावरीला इकडं सगळे गंगाच म्हणतात. तर त्या गंगेच्या दोन्ही काठांना सायखेड्याच्या अंगाला पिवळ्या गाळाच्या उंच दरडी आहेत. हजारो वर्षांपूर्वी तिथं हत्ती पाण्यावर यायचे, चिखलात रुतायचे, मरायचे. त्यांची हाडं गाळात गाडली गेली आणि सावकाश दगड झाली. सरांना अशा हाडांचे तुकडे मिळालेले होते. पण सगळे नदीच्या पात्रात, वाहून आलेले. ते घेऊन सर एकदा पुण्याला विद्वानांच्या सभेत बोलायला उभे राहिले तर पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला, "गर्गे, नदीत काय हो, काहीही वाहत येतं. दरडीत, थराच्या आत रुतलेलं हाड दाखवा, मग आम्ही तुमच्या हत्तीला नमस्कार करू." सभा हसली. सर त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांना एकच हवं होतं, दरडीत जागच्या जागी असलेलं हाड. बाकी नोकरी, बढती, पगार, सगळं गेलं खड्ड्यात.

आता गंमत बघा. हा माणूस जन्मला कुठं, तर पंचवटीत, तीर्थोपाध्यायांच्या घरात. थोरले बंधू विश्वेश रामकुंडावर अस्थिविसर्जनाचे विधी करायचे. बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. देशभरातून माणसं आपल्या मेलेल्यांची हाडं गाडग्यात घालून आणतात, गर्गे मंत्र म्हणतात, हाडं पाण्यात जातात. रामकुंडात हाड विरघळतं अशी श्रद्धा आहे, तिच्यावर गर्ग्यांची चूल पिढ्यान् पिढ्या पेटली. आणि त्याच घरातला धाकटा निघाला हाडं पाण्यातून बाहेर काढायला.

बरं, नुसता काढत नव्हता. चाटत होता. जुन्या हाडाची ती परीक्षाच आहे. हाड आतून पोळ्यासारखं बारीक भोकांचं असतं, दगड झालं तरी बरेचदा ती भोकं राहतात. कोरडा तुकडा जिभेला लावला की जीभ चिकटून ओढ बसते. साधा गुळगुळीत गोटा तशी ओढ देत नाही. विश्वेशदादांनी हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं आणि ओसरीवरच्या ओसरीवर आंघोळ केली. "ढुंड्या," ते म्हणाले, "हाडं चाटणारा माणूस माझ्या पंगतीला बसणार नाही." सर म्हणाले, "आणि हाडं विकून खाणारा माझ्या." त्यानंतर सर गंगापूर रस्त्याला फ्लॅट घेऊन राहिले. भावाभावांचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं, तेही फणकाऱ्यानं.

सरांचे रविवार मग सायखेड्याला जायचे. पाठीला पिशवी, हातात हातोडी, डोक्याला टॉवेल. तिथंच तानुबाई भेटली.

तानुबाईचं वावर ऐन काठावर, दरडीच्या वर. नवरा वारलेला, शेजारचं वावर दिराचं, गोटीरामचं. बाई कष्टाची आणि तोंडानं सरांच्या वरताण. पहिल्या दिवशी तिला वाटलं हा मोजणीवाला, बांध सरकवायला आलाय. तिनं वरनंच तोंडाचा पट्टा सोडला. सरांनी खालनं उत्तरं दिली. मग भूगर्भशास्त्राचं प्रकरण आहे असं कळल्यावर ती चुनखडीचं एक बोट घेऊन खाली आली आणि म्हणाली, "हे हाड हाय का बगा." सरांनी ते नेहमीप्रमाणं नदीत भिरकावलं. तानुबाईनं वाकून दुसरं उचललं आणि सरांच्या अंगावर फेकलं.

"आवो, नाय म्हना ना तोंडानं," ती म्हणाली. "फेकता काय? मला दाखवा, हाड कसं अस्तं ते."

आजवर सरांना असं कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना जीवाश्म हवा होता, कसा ओळखायचा ते कुणाला नको होतं. सर दरडीखाली बसले आणि त्यांनी दाखवलं. पिशवीतला खरा तुकडा काढला. वजनाला ताज्या हाडाहून जड. तुटलेल्या टोकाला भोकांची जाळी. चुनखडीच्या खड्यात जाळी नसते, लिंबू पिळलं की तो फसफसतो. आणि जीभ. तानुबाईनं पदरानं तुकडा पुसला, जीभ लावली आणि म्हणाली, "चिकाटतं की."

पुढं वर्ष-दोन वर्षं हाच रिवाज पडला. आठवडाभर तानुबाई काठाला जे वेडंवाकडं घावेल ते पाटीत टाकून ठेवायची आणि रविवारी दोघं भांडत भांडत ती पाटी निवडायचे. सर शंभरदा ओरडले असतील, पण खोटं एकदाही बोलले नाहीत, हे तिनं बरोबर हेरलं होतं. गावात सांगायची, "मास्तर लय तापट हाय, पर हाडाला हाड म्हनतो आन् दगडाला दगड. मानूस खरा हाय." आणि हळूहळू काय झालं, गावातली माणसं काही घावलं की आधी तिच्याकडं न्यायला लागली. तानुबाई जिभेला लावायची आणि सांगायची. तिचा शब्द गावात चालायला लागला. विधवा बाईचा शब्द गावात चालणं ही काय सोपी गोष्ट आहे का?

शहाण्णवच्या पावसाळ्यात गंगेला मोठं पाणी आलं. दरडी खचल्या. दिवाळीनंतर सर गेले तर तानुबाई काठावर वाट बघतच उभी. तिनं त्यांना खाली नेलं. तिच्या वावराच्या बुडाला, उभ्या दरडीत, पिवळ्या गाळाच्या थरात हत्तीचा जबडा. निम्मा बाहेर, निम्मा आत. वर दाढ तशीच, पाट्याला टाकी लावल्यासारख्या तिच्यावर आडव्या रेघा. सरांनी जीभ लावली. मग तिथंच चिखलात बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तसा त्यांना स्वतःचाच राग आला.

"काढायचा का?" तानुबाईनं विचारलं.

"हात लावायचा नाही," सर म्हणाले. "काढला की संपलं. थरातून निघालं की ते पुन्हा म्हणतील वाहून आलं. पुण्याची माणसं येऊन जागेवर बघतील, मग निघेल. हे हाड आहे तानुबाई, खरंखुरं. दगड नाही. जिवापाड सांभाळायचं."

"हाड म्हटल्यावर सांभाळीन की," ती म्हणाली.

सरांनी जबड्यावर पोती टाकली, माती लिंपली आणि पुण्याला कळवलं. तिकडून निरोप आला, जानेवारीत येऊ. जानेवारी उजाडला, पण पुण्याची माणसं कामातून मोकळी होईनात. सरांचं पित्त खवळलं. ते स्वतः एसटीनं पुण्याला गेले, विद्वानांच्या दाराशी बसून राहिले, साहेबांना मीटिंगमधून उठवलं, शिपायाशी भांडले, आणि तारीख घेऊनच परतले.

नाशिकला उतरले आणि घरी न जाता तडक सायखेडा गाठलं. दरडीजवळ आले तर पोती ओली, फाटलेली, आणि जबड्याच्या जागी नुसता खड्डा.

झालं होतं असं. सर पुण्याला असताना धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं. पाणी चढलं, दरडीचा बुडखा भिजला आणि जबडा सुटून चिखलात येऊन पडला. तानुबाईला सकाळी दिसला तेव्हा गावातली कुत्री त्याला हुंगत होती. हाड असं उघड्यावर, कुत्र्याच्या तोंडी? दगड असता तर तिनं पाटीत टाकून घरी नेला असता आणि उंबऱ्याशी ठेवला असता. पण हाड घरात कसं न्यायचं? अंगणात कसं ठेवायचं? तिनं त्यावर घमेलं पालथं घातलं, राखणीला सुनेला बसवलं आणि एसटी धरून नाशिकला सरांना सांगायला आली. पत्ता काय माहीत, तर पंचवटीतले गर्गे. रामकुंडावर विचारलं तर कुणीही सांगतो. तिला लोकांनी विश्वेशदादांसमोर नेऊन उभं केलं.

दादांनी विचारलं, काय काम? ती म्हणाली, सरांनी सांभाळायला सांगितलेलं हाड दरडीतून पडलंय, त्याचं काय करू? दादांना कसलं हाड, कसली दरड, काही पत्ता नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "हाड आहे हे नक्की का?"

"नक्की. सरांनीच वळखायला शिकवलंय," तानुबाई म्हणाली.

"मग विचारतेस काय? गंगेत सोड. तीळ-तांदूळ घाल आणि हात जोड."

तिनं तसंच केलं. जबडा नव्या पांढऱ्या कापडात बांधला. गोटीरामनं एका बाजूनं उचलला, तिनं दुसऱ्या बाजूनं. देवळाखालच्या खोल डोहात, मधोमध, तराफ्यावरून नेऊन सोडला. आंघोळ केली. त्या दिवशी घरात गोडाधोडाचं काही शिजवलं नाही. इतक्या निगुतीनं केलं सगळं.

तानुबाईच्या तोंडून हे ऐकताना सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते जे बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. अडाणी म्हणाले, घातकी म्हणाले. बैलाला शिकवलं असतं तर उपकार झाले असते म्हणाले. तानुबाई, जिनं पहिल्याच दिवशी दगड फेकून मारला होता, ती या खेपेला मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "पर हाड व्हतं ना, सर?"

सर म्हणाले, "होतं."

"मंग?"

या ‘मंग’वर सर आणखी ओरडले.

तिथून ते थेट रामकुंडावर. विश्वेशदादा सोवळ्यात, समोर राजस्थानकडचं कुटुंब बसलेलं. सरांनी यजमानांचीही पर्वा केली नाही. "माझा हत्ती बुडवलास," ते म्हणाले. "उभ्या जन्मात एक हाड मिळालं होतं, ते बुडवलंस. तुझ्या सात पिढ्यांना दुसरं काही येतं का?"

दादांनी पळी खाली ठेवली. "ढुंड्या, माझ्यापाशी कुणी हाड घेऊन आलं तर मी दुसरं काय सांगणार? तू तिला दगड आहे म्हणून सांगितलं असतंस तर ती माझ्याकडं आलीच नसती."

सर त्या रात्रभर हे वाक्य दातांखाली चावत बसले. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. डोहात त्यांनी बुडी मारणारे उतरवले, पण आवर्तनाच्या गाळानं तळ भरलेला. पुण्याची माणसं ठरल्याप्रमाणं आली, खड्डा बघितला, तानुबाईच्या ओसरीवर चहा घेतला. निघताना तोच पहिल्या रांगेतला विद्वान म्हणाला, "गर्गे, विरघळला की काय हो तुमचा हत्ती?" जीपमध्ये हसू फुटलं.

त्यानंतर बरेच दिवस सर सायखेड्याला गेले नाहीत. कॉलेजात एका पोरानं डबीतून अंडं आणलं तर सर ओरडलेही नाहीत, नुसतं बघत राहिले. पोरं घाबरली.

अठ्ठ्याण्णवच्या परतीच्या पावसात पुन्हा दरडी खचल्या आणि सरांना निरोप आला. निरोप तानुबाईचाच होता. एवढं बोलणं खाऊनही तिनं सुनेच्या भावाला नाशिकला पाठवलं. सर गेले. या खेपेला गोटीरामच्या वावराच्या बुडाला, पाण्याच्या मोटारीकडं उतरायच्या वाटेवर, थरात काहीतरी लांबोडकं रुतलेलं. भोवती गोटीरामच्या घरचे, शेजारपाजारचे, दहाबारा माणसं जमलेली. गोटीरामच्या बायकोच्या हातात तीळ-तांदळाची वाटी आधीच तयार.

"सर, हाड हाय का दगड, तेवढं सांगा," गोटीराम म्हणाला. "हाड असंल तर वैनीनं केलं तसं करून टाकू. दारात नको."

सर वाकले. मांडीचं हाड होतं. गुडघ्याकडचं टोक पूर्ण, आत जाळी, आजूबाजूला थर जसाच्या तसा. जीभ लावली तर सुटेना. आयुष्यात दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा मिळणार नाही हे सरांना पक्कं कळत होतं. त्यांनी त्या वाटीकडं बघितलं आणि उभे राहिले.

"दगड आहे," ते म्हणाले.

गोटीरामचा विश्वास बसेना. सर नेहमीसारखे भडकले नव्हते, त्यांनी काही फेकलं नव्हतं. त्यानं भावजयीकडं बघितलं. "वैनी, तू बग बरं."

तानुबाई पुढं झाली. पदरानं टोक पुसलं आणि जीभ लावली. तिचा चेहरा बदललेला फक्त सरांना दिसला. ती सरांकडं बघत राहिली. तिला कळलं होतं आणि तिला कळलंय हे सरांना कळलं होतं. सरांनी मान हलवली, एवढीशी. हुकूम म्हणा, विनवणी म्हणा.

"दगडच हाय," तानुबाई म्हणाली.

गोटीरामच्या बायकोनं तीळ-तांदूळ माघारी नेले. पोरं पांगली. गोटीराम म्हणाला, "मंग बरंय, पायरी झाली मोटारीला," आणि त्यावर पाय देऊन खाली उतरला. सरांना तोंड उघडायची सोय नव्हती.

वरच्या बांधावर तानुबाईनं त्यांना गाठलं. "कशापायी बोलले मी असं, सांगा," तिनं विचारलं.

"पुण्याची माणसं येईपर्यंत," सर म्हणाले. "दोन महिने. मग मी स्वतः गोटीरामला समजावतो. शब्द देतो."

"तुमचा शब्द म्हनून बोलले," ती म्हणाली आणि वळून गेली.

या खेपेला पुण्याची माणसं आली ती डिसेंबरात. पण ज्या दिवशी आली त्या दिवशी गोटीराम सटाण्याला गेलेला. सरांनी मनाशी म्हटलं, आला की सांगू. मग हाडाभोवती माती कोरणं, नकाशे, फोटो, प्लॅस्टर. सरांना भान कुठलं? मांडीचं हाड प्लॅस्टरच्या गुंडाळीत जीपमध्ये चढलं तेव्हा तो पहिल्या रांगेतला विद्वान सरांपुढं आला आणि त्यानं खरोखर हात जोडले. सरही जीपमध्ये बसूनच पुण्याला गेले. सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, पुन्हा ते त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गोटीराम परतला तो मोठं भगदाड पडलेलं बघायला. पाठोपाठ वर्तमानपत्रात फोटो. ‘गोदाकाठी सापडले हत्तीचे अस्थी-अवशेष.’ सायखेड्याच्या पारावर गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. अस्थी.

नेमकी त्याच आठवड्यात गोटीरामची म्हैस गाभडली होती. आता माणसाला आणखी काय लागतं? दोन महिने रोज हाडावर पाय देऊन मोटार चालू केली. आणि का, तर वैनी म्हणाली दगड. सख्ख्या भावजयीनं, सगळ्यांदेखत, जीभ लावून. पैसे खाल्ले असतील, कुणी म्हणालं. त्या गर्गे मास्तराची फूस, दुसरं कुणी म्हणालं. गोटीरामनं दोन वावरांमधली वाट काट्या टाकून बंद केली. पाटी घेऊन तिच्याकडं येणारी माणसं बंद झाली. सुनेला पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "तुझ्या सासूचं आज काय, हाड का दगड?" आणि हसायच्या.

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी ते आले. वर्तमानपत्राची घडी आणि पेढ्यांचा पुडा हातात. कित्येक वर्षांत त्यांना इतकं मोकळं कुणी पाहिलं नव्हतं. वाटेत कंडक्टरशी ते गप्पा मारत आले होते.

तानुबाई अंगणात कांद्याच्या ढिगापाशी विळा घेऊन बसली होती. ती उठली नाही. सरांनी पेढे पुढं केले.

"मिळाला तानुबाई, हत्ती मिळाला. तुमच्यामुळं मिळाला."

"वाचलं," ती म्हणाली. "समद्या गावानं वाचलं."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, एकेक करून. काट्यांची वाट, म्हैस, पाणवठा. सांगून झाल्यावर सरांनी पुडा पायरीवर ठेवला.

"मी जातो गोटीरामकडं. आत्ता सांगतो, मी खोटं बोललो म्हणून."

"तुम्ही खोटं बोलले ते गावाला कळलंय. तुम्ही बाहेरचे. तुमचं काय जातंय? तुम्ही एसटीत बसून जाल," तानुबाई म्हणाली. "मी हितली हाय. माझा दीर हितं, माझी सून हितं. लोकं माझ्या शब्दावर वस्तू टाकून द्यायची, ठिवायची. कुनी शिकवलं व्हतं मला खरं काय ते? तुम्हीच ना? आन् तुमच्यासाठीच पयल्यांदा खोटं बोलले. दोन म्हैन्याचा शब्द दिल्ता तुम्ही. येऊन सांगायला तोंड नव्हतं?"

पुढं काय येणार याची सरांनी तयारी केली. रागाची त्यांना सवय होती, राग त्यांना समजत होता. जन्मभर दिला होता आणि घेतलाही होता.

"बोला," ते म्हणाले. "तेव्हा मी तुम्हाला नको नको ते बोललो. आज तुमची पाळी आहे. हव्या तितक्या शिव्या द्या."

तानुबाईनं त्यांच्याकडं बघितलं. विळा तसाच हातात.

"तवा चूक का बरुबर ते मला कळत नव्हतं, म्हनून ऐकून घेतलं," ती म्हणाली. "तुम्हाला कळत व्हतं. तुम्हाला शिव्या देऊन मी काय करू?"

तिनं बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती खाली वाकली आणि कांद्याच्या माना कापायला लागली.